तांबड्या मातीतून हेलसिंकीच्या गादीवर

होस्टेलच्या कट्ट्यावर एक वाद कधीच संपत नाही. कराटेवाला आणि पैलवान समोरासमोर आले तर कोण जिंकेल? ज्युदो भारी की बॉक्सिंग? तायक्वांदोवाल्याची लाथ आधी बसेल की कुस्तीगीर आधी पट काढेल? रात्री दोन वाजेपर्यंत चर्चा रंगते. ज्यांनी आयुष्यात एक जोर मारलेला नाही तेच सगळ्यात ठामपणे बोलत असतात.

मी सहावीत असताना मुक्ताईनगरला मातीत उतरलो. पुढे शालेय स्पर्धांसाठी गादीवर (म्हणजे मॅटवर) खेळलो आणि कॉलेजात आल्यावर दोन वर्षं ज्युदोचा जाडजूड डगलाही घालून पाहिला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. कोणतीही पद्धत मुळात भारी किंवा हलकी नसते. प्रत्येक पद्धत तिच्या जमिनीतून आणि तिच्या नियमांतून घडलेली असते. जमीन बदलली, नियम बदलले की कालचा वस्ताद आज नवशिका होतो. मग तो काय करतो, यावर सगळं अवलंबून असतं. हे ज्यांच्या आयुष्यातून सर्वांत स्पष्ट दिसतं असा माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकचं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यावर एक ओळ असते आणि ती आपण पाठ करतो. पण त्या ओळीच्या आत केवढं काय भरलेलं आहे ते पाहण्यासारखं आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. घरची शेती. पाच भावांत हे सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोराच्या अंगाला माती लागायला वेळ लागला नाही. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे खानदेशात यात्रेच्या दंगलीत लहान पोरांच्या कुस्त्या आधी नारळावर, रेवड्यांवर लावतात आणि मग हळूहळू इनाम वाढत जातं. तिकडेही तसंच. खाशाबा गावोगावच्या फडात उतरू लागले आणि अंगाने किरकोळ दिसणारा हा पोरगा आपल्यापेक्षा थोराड गड्यांना पाडतो अशी त्यांची ख्याती झाली.

इथे मातीतल्या मेहनतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आखाड्याची माती म्हणजे शेतातून आणून टाकलेली नुसती माती नव्हे. तांबडी माती चाळून घेतात. मग तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, काव असं घालून ती मुरवतात. रोज खोऱ्याने ती उकरायची. हे उकरणं हाच पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, सपाट्या. दोर चढणं, मल्लखांब, करेला फिरवणं. शेवटी जोड करणं, म्हणजे सरावाची लढत. वरून दूध, तूप, बदामाची थंडाई असा खुराक, ज्याला परवडेल त्याला. या मेहनतीत दम आणि ताकद दोन्ही तयार होतात, कारण मऊ मातीत पाय रुततो आणि प्रत्येक हालचालीला जास्त जोर लागतो. शिवाय निकाली कुस्तीला वेळेचं बंधन नसतं. समोरच्याची पाठ मातीला लागेपर्यंत लढायचं. म्हणून मातीतला पैलवान घाई करत नाही. तो समोरच्याला दमवतो, संधीची वाट पाहतो.

खाशाबांचं शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झालं. तेव्हा सातारा जिल्हा १९४२च्या चळवळीने पेटलेला होता. शाळकरी वयातल्या खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना लपायला जागा देणं, त्यांची पत्रकं पोचवणं अशी कामं केली. शाळा संपवून ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी रोमचं कलोझियम पाहून आल्यावर खासबागेचं मैदान बांधलं, गावात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. तिथे खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांचं मार्गदर्शन मिळालं.

खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक. आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आपल्या भाषेत समजून घेऊ. समोरच्याची मान किंवा हात काखेत पक्का धरायचा. त्याच क्षणी आपण वळून आपली कंबर त्याच्या पोटाखाली न्यायची, म्हणजे आपला गुरुत्वमध्य त्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली गेला. आता आपली कंबर ही टेकू झाली, त्याचं वरचं अंग ही तरफेची लांब भुजा झाली. वरून खाली ओढलं की त्याचे पाय जमीन सोडतात आणि तो आपल्यावरून फिरून पाठीवर पडतो. यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर तोच आपल्या पाठीवर बसतो. साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंचीच्या, हलक्या वजनाच्या खाशाबांनी हा डाव इतका घोटला होता की त्यांच्यापेक्षा जड पैलवानही त्यात सापडत. जाता जाता सांगतो, ज्युदोतल्या कंबरेवरच्या फेकी याच तत्त्वावर चालतात. फरक एवढाच की तिथे पकडायला डगल्याची कॉलर असते, इथे घामाने निसरडी झालेली मान.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलंच ऑलिम्पिक. बावीस वर्षांच्या खाशाबांची फ्लायवेट गटात निवड झाली. प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. आणि लंडनमध्ये पोचल्यावर त्यांच्यासमोर आली ती गादी. तोपर्यंतचं त्यांचं सगळं आयुष्य मातीत गेलं होतं. गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती, तिचे आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना जे शिकवता येईल ते शिकवलं. तेवढ्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते थांबले. शेवटी सहावा क्रमांक आला.

गादी नवी होती म्हणजे नक्की काय नवं होतं? मी दोन्हीकडे खेळलो आहे म्हणून थोडं विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट जमीन. मातीत पाय रुततो, गादीवर पाय उसळतो. मातीत अनवाणी लढायचं, गादीवर बूट घालून. त्यामुळे गादीवर सगळा खेळ वेगाचा. मातीतला पैलवान एक पाऊल टाकेपर्यंत गादीवरचा दोन टाकून पायाशी पोचलेला असतो.

दुसरी गोष्ट पकड. मातीत हाताला माती चोळली की पकड बसते, समोरच्याचा लंगोट, जांघिया धरूनही डाव मारता येतो. गादीवर पोशाखाला हात लावायचा नाही. आपले निम्मे डाव जांघियाच्या पकडीवर बसवलेले असतात, ते तिथे चालतच नाहीत. ढाकेसारखे मानेच्या आणि हाताच्या पकडीचे डाव मात्र तसेच्या तसे चालतात.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे हार-जीत ठरवायची रीत. मातीत खाली जाऊन पालथं पडून राहणं हा बचाव आहे. वरचा दमेपर्यंत खाली तग धरायचा आणि मग उलटायचं. पाठ लागली नाही तर काहीच गमावलेलं नसतं. गादीवर तसं नाही. वेळ ठरलेली असते. खाशाबांच्या काळी एक कुस्ती जास्तीत जास्त पंधरा मिनिटं चाले. तेवढ्यात कुणी चीत झालं नाही तर कोणाचं पारडं जड होतं ते पंच ठरवत. म्हणजे जो खाली दबून राहिला तो पाठ न लागताही हरला. मातीत जी गोष्ट शहाणपणाची तीच गादीवर नुकसानीची. हे डोक्याला पटकन कळतं, पण वर्षानुवर्षं मुरलेल्या अंगाला कळायला फार वेळ लागतो. दाबाखाली आलं की अंग जुनीच सवय धरतं.

चौथी गोष्ट वजन. दंगलीत जोड नजरेने लावतात. गादीवर काट्यावर उभं राहून वजनगट ठरतो. खाशाबांसारख्या लहान चणीच्या मल्लाला ही गोष्ट खरं तर फायद्याची होती.

इतकं सगळं नवं असताना जगात सहावं येणं ही लहान गोष्ट नव्हती. दुसरा कोणी असता तर कोल्हापूरला परतून मातीतच नाव कमावत राहिला असता. तिथे मान होता, इनाम होतं, ओळखीची जमीन होती. खाशाबांनी ते केलं नाही. मातीतली मेहनत त्यांनी सोडली नाही, ती वाढवली. पण डोळ्यांसमोर ठेवली ती गादी. दम आणि पकड मातीतून घ्यायची आणि वेग, चढाई, वेळेचं भान गादीच्या नियमांतून शिकायचं, असा त्यांचा मार्ग होता. वजनगटही बदलला. फ्लायवेटवरून ते बँटमवेटला, म्हणजे ५७ किलोच्या गटात गेले. सहाव्या क्रमांकापासून पुढच्या ऑलिम्पिकपर्यंतची ही चार वर्षं मला त्यांच्या पदकाइतकीच मोठी वाटतात.

१९५२चं ऑलिम्पिक फिनलंडमध्ये हेलसिंकीला होतं. तिथे पोचण्याआधी खाशाबांना दोन कुस्त्या आखाड्याबाहेर लढाव्या लागल्या.

पहिली निवडीची. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आलं आणि ऑलिम्पिकच्या संघातून त्यांचं नाव जवळजवळ गेलं. हा गुण मुद्दाम कापला गेला असं खाशाबांचं म्हणणं होतं. ते गप्प बसले नाहीत. कुस्तीचे शौकीन असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा चाचणी घेण्यात आली. त्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्याला स्वच्छ आपटलं. चीतपटीवर कुणाला गुणांचा हिशोब घालता येत नाही.

दुसरी कुस्ती पैशाची. निवड झाली तरी प्रवासखर्च ज्याचा त्याने जमवायचा होता. खाशाबा आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी रक्कम अपुरी पडत होती. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ साली सात हजार म्हणजे किती मोठी रक्कम याची कल्पना घरातल्या आजोबांना विचारली तर येईल. आपल्या एका विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! त्या घराचं ओझं पाठीवर घेऊन हा पैलवान हेलसिंकीच्या गादीवर उभा राहिला.

तिथे सुरुवात जोरदार झाली. कॅनडाचा पोलिक्विन आणि मेक्सिकोचा बसुर्टो या दोघांना त्यांनी चीत केलं. जर्मनीच्या श्मिट्झलाही हरवलं. पदक आता टप्प्यात होतं. पुढे उभा होता जपानचा शोहाची इशी.

या इशीची गोष्ट सांगायलाच हवी. तो मुळात ज्युदोवाला. दुसऱ्या महायुद्धात जपान हरला, अमेरिकन फौजांचा अंमल आला आणि शाळांमधून ज्युदोवर बंदी आली. मग इशी फ्रीस्टाइल कुस्तीकडे वळला. म्हणजे पाहा, एक जण तांबड्या मातीतून आलेला, दुसरा ज्युदोच्या डगल्यातून, आणि दोघंही तिसऱ्याच जमिनीवर, तिसऱ्याच नियमांनी एकमेकांना भिडलेले. कुस्ती की ज्युदो या वादाचा तिथे प्रश्नच उरला नव्हता. आपल्या मूळ विद्येतलं काय उचलायचं आणि काय मागे ठेवायचं हे ज्याला जास्त चांगलं जमलं तो जिंकणार होता. कुस्ती पूर्ण पंधरा मिनिटं चालली. चीत कुणीच झालं नाही. निर्णय इशीच्या बाजूने गेला. पुढे त्या गटाचं सुवर्णपदकही त्यालाच मिळालं.

आणि इथे तो प्रसंग घडला ज्याची चुटपुट आजही कुस्तीशौकिनांना लागते. पंधरा मिनिटं झुंजून दमलेल्या खाशाबांना लगेचच पुढची कुस्ती लढायला बोलावण्यात आलं. समोर होता सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव्ह. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता. पण तो नियम अधिकाऱ्यांपुढे मांडायला भारताच्या बाजूने त्या वेळी तिथे कोणी हजरच नव्हतं. दमलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख होती २३ जुलै १९५२.

तो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ज्या गोष्टीने त्या क्षणी घात केला ती ताकद नव्हती, डाव नव्हता, जमीनही नव्हती. चार वर्षं खपून खाशाबांनी गादी आपलीशी केली होती. कमी पडला तो गादीच्या कडेला उभा राहून नियम वाचणारा आपला माणूस. एकट्या खेळाडूने किती शिकायचं यालाही मर्यादा असते. बाकीचं त्याच्यामागे उभ्या असलेल्यांनी शिकायचं असतं.

तरीही कांस्यपदक म्हणजे केवढी कमाई! त्याच हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं होतं आणि देशाचं सगळं लक्ष तिकडे होतं. पण कराडकरांनी आपल्या पैलवानाला विसरलं नाही. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांनी खाशाबांना गोळेश्वरला नेलं. एरवी जे अंतर थोड्या वेळात कापलं जातं त्याला त्या दिवशी कित्येक तास लागले. परतल्यावर खाशाबांनी आधी काय केलं असेल? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवून दिलं. मला विचाराल तर खाशाबांची ही कुस्ती हेलसिंकीपेक्षा तसूभरही कमी नाही.

१९५५ साली ते मुंबई पोलीस दलात फौजदार म्हणून दाखल झाले. पुढच्या ऑलिम्पिकची आस होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ती संपवली. पोलीस दलातली नोकरी त्यांनी २५ वर्षांहून अधिक केली. पोलीस खेळाडूंना कुस्ती शिकवली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण देशातलं पहिलं वैयक्तिक पदक आणणाऱ्या माणसाला जो मान, जो आधार मिळायला हवा होता तो हयातीत मिळाला नाही. निवृत्तिवेतनासाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं, शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान तेवढा त्यांच्या वाट्याला आला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. वय ५८.

मानसन्मान नंतर आले. राज्याचा छत्रपती पुरस्कार आला, अर्जुन पुरस्कार आला, दोन्ही मरणोत्तर. २०१० साली दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, ते १९९६ साली लिअँडर पेसने टेनिसमध्ये आणलं. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. मधे गेली ७२ वर्षं!

आज परिस्थिती थोडी बदलली आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी असे दोन स्वतंत्र विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते गदेसाठी समोरासमोर येतात. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं ही गदा उचलणारा विजय चौधरी आपल्या जळगाव जिल्ह्याचा, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा. म्हणजे खानदेशची माती कसदार आहे यात शंकाच नको. पण तालुक्याच्या ठिकाणी गादी अजून मोजक्याच जागी दिसते. वस्ताद आहेत, पण नियमांचं पुस्तक वाचलेला पंच शोधावा लागतो. आपल्या पोरांना पहिल्यांदा गादी दिसते ती बहुधा जिल्हा स्पर्धेतच, नावाचा पुकारा झाल्यावर.

मला वाटतं ही गोष्ट नुसती कुस्तीची नाही. आपल्यापैकी निम्मे जण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून इथे आले. पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकं, व्हायवा, प्रेझेंटेशन हे सगळं आपल्यासाठी गादीच होतं. पाय रोवायची सवय आणि समोर उसळणारी जमीन. त्या वेळी काही जण म्हणतात आपली माती फेकून द्या, काही जण म्हणतात गादी आपल्यासाठी नाहीच. खाशाबांनी दोन्ही केलं नाही. मातीतला दम आणि ढाक त्यांनी शेवटपर्यंत जपली, आणि गादीचे नियम खालच्या पायरीवर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून शिकले.

आपल्या ज्युनिअर्सपैकी कोणी यंदा पहिल्यांदा अशा गादीवर उतरणार असेल, तर त्याला धीर देण्याबरोबर आणखी एक काम करता येईल. नियमांचं पुस्तक घेऊन त्याच्या कडेला उभं राहायचं. त्याचा अर्धा तास त्याला मिळवून द्यायचा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)